कारंजं बघायला निघालेली चप्पल

मी एक जुनी चप्पल आहे. एक म्हणजे जोडी हं, मित्रांनो. डावी-उजवी मिळून जीव एकच. अंगानं भलतीच थोराड. माझ्या मालकांचे पाय इतके मोठे, की दुकानात माप मिळेना. शेवटी एका कारागिरापुढे पाय ठेवले, तर तो म्हणाला, "काका, हे पाय आहेत की होड्या? माझं सगळं कातडं संपेल!" संपलंच. पुढे आठवडाभर दुकान बंद होतं त्याचं. खोटं वाटत असेल तर राहू द्या.

मालक प्लंबर. कुणाचा नळ गळो, कुणाची टाकी वाहो, आम्ही हजर. एकदा तर असल्या लोंढ्यातून चालत गेलो, की माझ्यात मासा अडकला. बोटाएवढाच होता, पण होता! घरचा नळ मात्र वर्षानुवर्षं टिपटिपत होता. मालकीणबाई म्हणायच्या, "जगाचे नळ नीट करतात, आणि आमच्या नशिबी ही टिपटिप!" मग रागानं मला दाराबाहेर भिरकावायच्या. थोड्या वेळानं आपणच उचलून, पुसून, पुन्हा नीट लावून ठेवायच्या. मालक मिशीत हसायचे.

मालकांना एकच वेड होतं. परदेशातल्या एका शहरातलं दगडी कारंजं. कुठल्याशा कॅलेंडरवर चित्र पाहिलेलं. "अगं, दोन माणसं उंच पाणी चढतं म्हणे! एकदा तिथे उभं राहायचं, तू नि मी." पण दरवर्षी ऐन वेळी कुणाचा तरी पाइप फुटायचा, आणि मालक म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की."

एका वर्षी मालकच राहिले नाहीत.

मग लेकीनं आईला त्या शहरात नेलं. तिथल्या शेवटच्या दिवशी कारंजं बघायचं ठरलं. मालकीणबाईंनी माझ्या टाचेशी चिंध्या कोंबल्या आणि मला पायात घातलं.

"आई, बाबांच्या चपला? पडशील ना गं!"

"पडले तर उठेन. कारंजं त्यांना बघायचं होतं. तिथवर चालवत नेणार आहे मी त्यांना."

काय ऊन होतं म्हणून सांगू! घोड्यावरचा दगडी सरदार खाली उतरून सावलीत बसायच्या बेतात होता. कबुतरं एका खांबाच्या सावलीत एकामागे एक रांगेत उभी. डांबर माझ्या तळाला चिकटून म्हणत होतं, जाऊ नको. लेक दाखवायची, "आई, हा राजवाडा." आई म्हणायची, "बघितला. चल." माझ्यात त्यांची इवली पावलं सरकत होती. बोटाला फोड आला.

"टॅक्सी करू या का गं?"

"ते कधी टॅक्सीनं गेले होते का कामाला?"

पुलावर माझा डावा पट्टा तुटला. बाईंनी रुमालानं बांधला आणि मला फरफटत पुढे निघाल्या.

चौकात पोचलो. कारंजं होतं. पाणी नव्हतं.

नुसता वाळका दगड, तळाशी पाचोळा. लेकीनं पाटी वाचून हळूच सांगितलं, "दुरुस्तीसाठी बंद आहे, आई."

बाई बघत राहिल्या. मग हसल्या. "बघा हो, इथेही बिघडलंय! आणि नेमका तुमचाच पत्ता नाही." हसता हसता त्यांनी मान खाली घातली. माझ्या पट्ट्यावर टपटप थेंब पडले. त्या अख्ख्या चौकात तेवढंच काय ते पाणी.

लेक धावत जाऊन समोरच्या दुकानातून कापडी बूट घेऊन आली. बाईंनी ते घातले. मला काठावर ठेवलं, डावी-उजवी सारखी करून, कारंज्याकडे वळवून.

"आई, बरोबर घे ना गं चपला. पिशवीत मावतील."

"राहू दे. काम अर्धवट टाकून यायची सवय नाही तुझ्या बाबांना." मग वाकून मला म्हणाल्या, "पाणी आलं की बघा. मी होते पुढे."

मला ओरडून सांगायचं होतं, बाई, मालक माझ्यात नाहीत हो! मी नुसतं कातडं. मला तुमच्या हाताची सवय आहे, मला न्या. पण चपलेचं कोण ऐकतं? विमानाची वेळ झाली होती. दोघी कोपऱ्यावरून वळल्या. लेकीनं एकदा मागे पाहिलं. बाईंनी नाही.

ऊन उतरल्यावर दोन कामगार आले. पाना फिरवला. कारंजं आधी गुरगुरलं, मग खोकलं, आणि मग पाणी वर चढलं. एरवी मी चार माणसं उंच सांगितलं असतं, मित्रांनो. पण नाही. बरोबर दोन माणसं उंच. मालक म्हणायचे तस्सं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी चिंब भिजले, आणि "अगं, बघ!" म्हणायला शेजारी कुणी नव्हतं.

आता झाडूवाल्यानं मला भिंतीकडेला सरकवलंय. त्याच्या कचऱ्याच्या गाडीची वाट बघतेय.

मित्रांनो, चपलांना तेल लावा, पट्टे वेळेवर शिवून घ्या, ते तर कराच. पण तुमच्या घरात कुणी "पुढच्या वर्षी" म्हणालं, तर त्यांचा हात धरा आणि याच वर्षी बाहेर काढा. एखाद्या दिवशी गळू दे कुणाचा नळ गळतो तो. कारंजं माणसांनी बघायचं असतं. चपलेला ते नुसतं भिजवतं.