पिठाच्या परातीतलं प्लॅस्टर

मास्तर अजून श्वास घेत होते आणि स्वयंपाकघरात त्यांच्या चेहऱ्याचा साचा घ्यायला प्लॅस्टर भिजत होतं. तेही कशात, तर काकूंच्या पीठ मळायच्या परातीत! दुखणाईत नवऱ्याचं काय काय उपसलं होतं काकूंनी, पण कधी नाक मुरडलं नव्हतं. आज मात्र अंगावर काटा आला.

"अरे, माणूस जिवंत आहे!"

"डॉक्टर म्हणाले, आता घटकाभराचंच काम आहे," थोरला शिष्य बाह्या सरसावत म्हणाला. मास्तरांकडे मूर्ती घडवायला शिकून तो आता बराच नावारूपाला आला होता. "साचा लगेच घ्यावा लागतो, काकू. नंतर चेहऱ्याची रया जाते. आणि मास्तरांचीच इच्छा होती ना?"

होती, खोटं कशाला बोला. धडधाकट होते तेव्हा चार माणसांत बसून मास्तर म्हणायचे, "मृत्यू हा सगळ्यात मोठा शिल्पकार. फालतू तेवढं छाटून टाकतो." ऐकणारे माना डोलवायचे. काकू चहाचे कप उचलताना मनात म्हणायच्या, ज्याने घडवलं त्याच्याकडे परत जायचं, त्यात एवढं मिरवायचं काय?

त्या तरातरा आजाऱ्याच्या खोलीत आल्या. तिथे शिष्याचा कवी मित्र पलंगाशी उभा राहून बिस्किट खात होता.

"काय शांतता आहे, काकू! मरण कसं पाहुण्यासारखं येऊन बसलंय."

"ते बसलंय ते बसलंय. तुम्ही जरा बाजूला बसा. चुरा पांघरुणावर सांडतोय."

काकूंचं मागणं एवढंच होतं. कालपासून मास्तरांनी डोळे उघडले नव्हते. एकदा उघडावेत, आपल्याकडे बघावं, दोघांनी मिळून देवाचं नाव घ्यावं. मग त्याने खुशाल न्यावं. म्हणून त्या उशाशी बसून एक भक्तीचं गाणं गुणगुणत राहिल्या. मध्येच मास्तरांचे ओठ सुकलेले दिसले, तशा पाणी आणायला उठल्या.

परत येऊन बघतात तो काय! शिष्य मास्तरांच्या कपाळाला, गालांना, दाढीला बोटं भरभरून व्हॅसलिन चोपडत होता. जिवंत चेहरा तुपकट डब्यासारखा चकाकत होता.

"हात काढ!"

"प्लॅस्टर चिकटू नये म्हणून लावतोय, काकू. ते तिकडे घट्ट व्हायला लागलंय, फुकट जाईल सगळं."

"काय फुकट जाईल रे? तुझं प्लॅस्टर?"

या गलक्याने मास्तरांचे डोळे उघडले. काकू लगबगीने वाकल्या. पण ती नजर त्यांच्यावरून घसरली आणि शिष्यावर जाऊन थांबली.

"भुवयांना... कमी लावलंस," मास्तर पुटपुटले. "केस उपटून येतील."

"वा!" कवी उद्गारला. "शेवटपर्यंत कलावंत!"

काकूंना शिष्याची, कवीची आणि आज नवऱ्याचीसुद्धा किळस आली.

"निघा दोघंही. ती परात पण न्या. तिच्यात आता माझ्याच्याने पीठ मळवणार नाही."

त्यांनी दोघांना बाहेर काढून दार लावलं. टॉवेल कोमट पाण्यात पिळून मास्तरांचं तोंड पुसायला घेतलं. तो चिकट थर काही केल्या निघेना. त्या चिडून जोरात घासू लागल्या.

"दुखतंय गं."

"दुखू दे. जिवंत आहात म्हणून दुखतंय."

तेव्हा कुठे मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. टॉवेल धरलेला हात चाचपडत घट्ट पकडला.

"मला फार भीती वाटते," ते म्हणाले. मग दाराकडे बघून, अगदी हळू, "त्यांना सांगू नकोस."

काकूंचा राग विरघळला, पण तोंडातली कडू चव गेली नाही.

"नाही सांगत. देवाचं नाव घ्या. मी म्हणते, माझ्या मागून म्हणा."

मास्तरांचे ओठ हलू लागले.

दारावर टकटक झाली. "काकू, पहिलं वाया गेलं हो! दुसरं भिजवू का?"

काकू आवाज चढवून नाव घेत राहिल्या आणि टॉवेलाच्या टोकाने मास्तरांच्या भुवया एकेक केस सुटा होईपर्यंत पुसत राहिल्या.