नारिंगी जाकीट

विमान जमिनीवर उभं असलं की पैसे खातं आणि हवेत असलं की कमावतं, हे कंपनीने सगळ्यांच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. सुपरवायझरबाईंना ते पटायचंही. पण विमानं गच्च भरून जातात, तरी वर्षअखेरीला कंपनी तोट्यात कशी, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं. भाडी वाढली तरी तोटा, इंधन उतरलं तरी तोटा. आणि तोटा झाला की वरच्यांची नजर हमखास पडायची ती झाडूवर.

बाईंच्या हाताखाली सहा जणी. उतारू उतरले की आत घुसायचं आणि पुढचे चढायच्या आत कचरा, सीटा, पट्टे, संडास सगळं लख्ख करायचं. आता हे काम मोजायला मुख्य कार्यालयातून साहेब येणार होते, आणि मोजणी झाली की कुणीतरी एक घरी जाणार, हे ठरलेलं होतं. कोण जाणार, ते बाईंना लगेच कळलं. कारण त्या सहांत त्यांची थोरली नणंद होती. वन्सं स्वभावाने मायाळू, पण गुडघ्यांनी संप पुकारलेला. नवरा गेल्यापासून हा पगारच त्यांचा आधार होता.

बाईंनी डोकं लढवलं. साहेब कुणालाच चेहऱ्याने ओळखत नव्हते. मोजणीच्या दिवशी त्यांनी आपलं सुपरवायझरचं नारिंगी जाकीट वन्संना चढवलं आणि वन्संचं हिरवं स्वतः घातलं.

"वन्सं, तुम्ही नुसत्या दारात उभ्या राहा."

"अगं, पण बोलू काय?"

"काही नाही. मी तरी कधी काय बोलते?"

बायकांत खसखस पिकली.

मग बाई अशा सुटल्या की विचारता सोय नाही. त्यांचं बघून बाकीच्यांनाही चेव आला. विमान तयार झालं तेव्हा पुढचे उतारू अजून कॉफीच्या रांगेत होते.

साहेब खूश होऊन बाईंजवळ आले. "कमाल आहे तुमची. या सहा हिरव्यांतली एकही कमी करता येणार नाही."

बाईंचा जीव भांड्यात पडला.

"पण त्या दारातल्या बाई कशाला हव्यात? तुम्ही तर न सांगता सगळं करता. सुपरवायझरची जागाच काढतो. काम तेवढंच, माणूस एक कमी, उत्पादकता आपोआप वर."

बाईंना आधी वाटलं, वन्सं गेल्या. मग वाटलं, छे, वन्संची जागा तर हिरवी. मग गेलं कोण? नारिंगी जागेवर नाव त्यांचं स्वतःचंच होतं. चांगलं काम केलं म्हणून सहा राहिल्या, आणि चांगलं काम केलं म्हणूनच एक गेली. खरं सांगावं तर वन्सं उघड्या पडणार. साहेब तोवर पुढच्या विमानाकडे निघालेही होते.

वन्सं लंगडत आल्या. चेहरा फुललेला. "जमलं ना गं मला? काय म्हणाले?"

"छान उभ्या राहिलात म्हणाले."

"चल, काहीतरीच." वन्संनी हसत जाकीट काढलं. "हे घे बाई तुझं. तुलाच शोभतं."

बाईंनी ते हातात घेतलं. घालावं की नाही, ते त्यांना कळेना.