फी शून्य, पोचले किती?

होय मित्रांनो, मी जुना आहे. माझा एक कोपरा उडाला आहे, डावी बाजू विटून राखाडी झाली आहे आणि मला भिंतीवर धरून ठेवणाऱ्या दोन खिळ्यांपैकी एक वाकडा आहे. पण म्हणून मला कोणी मोडीत काढले असेल, असा समज करून घेऊ नका. मी लाकडी फळा आहे आणि माझ्यावर आजही लिहिले जाते. उगाच बढाई मारत नाही. आमच्या लाँड्रीत पगाराच्या दिवशी माणसे आधी माझ्याकडे बघतात आणि मग पाकीट उघडतात.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. त्याने चार फळ्या अशा बेमालूम जोडल्या, की बोट फिरवले तरी सांधा लागत नसे. वर काळ्या रंगाचे दोन हात दिले. मग मी शाळेत गेलो. तिथे माझे दिवस फार मानाचे गेले. पाढे माझ्यावर, भागाकार माझ्यावर, व्याजाची गणिते माझ्यावर. वर्गाच्या बाई म्हणत, "या फळ्यावर अक्षर कसं उठून दिसतं बघा!" ते ऐकून मी फुगत असे. लाकूडच ते, ओलाव्यानेही फुगते, पण कौतुकाने जास्त.

पुढे शाळेत पांढरे, गुळगुळीत फळे आले. मला उचलून मागच्या भिंतीला टेकवले आणि सगळे विसरले. कोणी माझ्यावर सायकल टेकवत असे, कोणी चिखलाचे बूट घासत असे. मला फार वाईट वाटायचे. ज्याच्या अंगावर निम्मे गाव हिशेब शिकले, त्याच्यावर बूट! पण म्हणतात ना, घरोघरी मातीच्या चुली. माझ्या शेजारी पडलेल्या बाकांचीही तीच गत होती.

एक दिवस भट्टीवाले काका तिथून चालले होते. हॉस्पिटलच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत वाफेची भट्टी सांभाळणे, हे त्यांचे काम. कोणते यंत्र बिघडले आहे, कोणती गाडी किती वाजता येणार, हे लिहायला त्यांना काहीतरी हवेच होते. त्यांनी मला चादरींच्या ढकलगाडीवर आडवे घातले आणि आणले. घासून पुसून, रंगाचा एक हात देऊन, जेवणाच्या खोलीत लावले. त्या खोलीत एक लांब बाक, कपडे अडकवायच्या खुंट्या आणि सदा गरम असलेली किटली होती. साबणाचा आणि वाफेचा वास तर भिंतींतच मुरला होता. मला तो आवडला. अडगळीपेक्षा काहीही बरे.

आमची सगळी माणसे दूर देशाहून आलेली. पगार झाला की त्यातले पैसे घरी पाठवायचे, हा प्रत्येकाचा नेम. आणि त्या दिवशी बाकावर हमखास भांडण. ज्याला त्याला आपलेच दुकान प्यारे! सगळ्यांत मोठा आवाज ड्रायव्हरदादांचा. ते चादरींची गाडी चालवत आणि तोंडही तितक्याच वेगाने चालवत. "मी फीचा एक पैसा देत नाही," असे ते छाती काढून सांगत. त्या काळी ते ज्या दुकानातून पाठवत, तिथे खरेच फी नव्हती. पण दर इतका पडेल, की फी परवडली. एका हाताने माफ करायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे, असा तो कारभार होता.

एकदा काकांना ते ऐकवेना. त्यांनी खडू घेतला आणि माझ्यावर उभ्या रेघा ओढल्या. एका रकान्यात फी, दुसऱ्यात दर, तिसऱ्यात "पोचले".

"हे बघा," काका म्हणाले, "फी कमी का दर चांगला, यावर डोकं फोडत बसू नका. इकडून एक हजार निघाले, तर तिकडे हातात किती पडले? तेवढंच बघायचं. आणि दुकानदार सांगतो ते लिहायचं नाही. घरच्यांनी मोजून सांगितलेलंच लिहायचं."

मित्रांनो, इतका साधा नियम, पण त्याने खोलीतली भांडणे बंद झाली. ड्रायव्हरदादांचे लाडके दुकान तिसऱ्या रकान्यात तळाला गेले. ते दोन दिवस माझ्याकडे बघेनात, मग गुपचूप दुकान बदलले.

आता ताईंचे सांगतो, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे. ताई मोठ्या इस्त्रीच्या रुळांत चादरी सोडत. गरम वाफेत दिवसभर उभे राहायचे, चादरीचे दोन्ही कोपरे ताणून धरायचे. त्यांच्या धाकट्या बहिणीचे घरी शिवणाचे दुकान होते, भाड्याच्या गाळ्यात. ताई दर महिन्याला तिला पैसे पाठवत. त्यांनी कोपऱ्यावरचे एक दुकान शोधून काढले होते. फी शून्य आणि दरही चांगला, एकाला वीस. धाकटीने फोनवर सांगितले, "ताई, पूर्ण वीस हजार मिळाले. एक पैसा कापला नाही." काकांनी ते माझ्यावर लिहिले आणि ताईंची ओळ पहिल्या नंबरावर गेली. पुलाजवळचे दुकान, कितीही पाठवा, दहाच फी घेत असे, दर थोडा कमी, आणि तिथून हजाराला पोचत एकोणीस हजार सातशे एक. ते दुसरे.

ताईंना केवढा आनंद! त्या दिवशी त्या रुळांपाशी गाणे गुणगुणत होत्या. मग काय, सगळी लाँड्री कोपऱ्यावरच्या दुकानात. आकडा माझ्यावर होताच, मग घरी पुन्हा मोजायला कोण सांगतो? त्याला नावच पडले, "ताईंचे दुकान". ड्रायव्हरदादाही तिथूनच पाठवू लागले.

अशात धाकटीच्या गाळ्याचा मालक गाळा विकायला निघाला. आधी तुम्हालाच विचारतो, म्हणाला, पण शुक्रवारपर्यंत विसार म्हणून दोन लाख माझ्या खात्यात पूर्ण हवेत. एक पैसा कमी पडला तर दुसरे गिऱ्हाईक दारात उभे आहे. बाकीच्या रकमेचे कर्ज बँक देणार होती. धाकटीने साठवलेले सगळे कागदपत्रांत गेले होते, म्हणून विसार ताईंनी द्यायचा ठरला. गाळा गेला असता तर गिऱ्हाईके गेली असती, यंत्रे घरात कोंबावी लागली असती आणि दोघी बहिणींनी इतकी वर्षे खाल्लेल्या खस्ता पाण्यात गेल्या असत्या.

ताईंनी जादा पाळ्या करून बरोबर दहा हजार जमवले. एकाला वीस, म्हणजे दोन लाख. माझ्याकडे बघूनच त्यांनी हिशेब केला होता, हे मुद्दाम सांगतो.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ताई बाकावर बसल्या होत्या. डबा मांडीवर, फोन शेजारी उताणा, त्यावर धाकटी बोलत होती. सुट्टी संपायच्या आत ताई दुकानात जाऊन पैसे पाठवणार होत्या. तेवढ्यात ड्रायव्हरदादा तणतणत आत आले.

"आजपासून भावाला एक छदाम पाठवणार नाही!"

"काय झालं रे?" काकांनी विचारले.

"हजाराला वीस हजार पोचतात, हे काय हवेत लिहिलंय? फळ्यावर लिहिलंय! आणि आमचे बंधुराज सांगतात, एकोणीस हजार चारशे. दर वेळी सहाशे गायब. म्हणे, ह्या दुकानाचे पैसे देताना तिकडची बँक कापते. ताईंच्या बहिणीची कापत नाही आणि ह्याचीच बरी कापते!"

"अरे, सख्खा भाऊ आहे तुझा. नीट विचारलंस का?"

"विचारलं की. चोर म्हणालो त्याला. त्यानं फोन ठेवला. तेव्हापासून बोलणं बंद."

हे बोलताना दादांचा आवाज जरा बसला. मग बाकावरच्या फोनमधून धाकटी म्हणाली, "ताई, स्पीकर चालू आहे का?"

"आहे. थांब, बंद करते."

"नको, राहू दे. त्या दादांना ऐकू दे. त्यांचा भाऊ चोर नाही. माझीही बँक कापते, शेकडा तीन. पहिल्या दिवसापासून कापते."

ताईंच्या हातातला घास हातातच राहिला. "काय बोलतेस तू? पूर्ण मिळाले म्हणायचीस ना?"

"म्हणायचे. तू किती खूश व्हायचीस गं. एक पैसा कापला नाही म्हणून सगळ्यांना सांगत सुटायचीस. तिकडे दिवसभर वाफेत उभी असतेस, तेवढंच एक सुख होतं तुला. ते कसं काढून घेऊ? आणि कमी पोचले म्हटलं असतं, तर तू पोटाला चिमटा घेऊन जास्त पाठवले असतेस. ठाऊक आहेस मला."

"अगं पण शुक्रवारी काय करणार होतीस?"

"कालपासून त्याचाच विचार करतेय. सहा हजार कुठून उभे करू, कळत नव्हतं. तुला सांगायला तोंड उघडत नव्हतं."

ताई आधी रडल्या. मग चिडल्या, आणि चिडल्या ते बरेच झाले. "मला खूश ठेवायला माझेच पैसे बुडवलेस होय गं? पुलाजवळचं दुकान दर हजाराला तीनशे जास्त देत होतं! सांगितलं असतंस तर एका दिवसात बदललं असतं ना मी! सगळ्या लाँड्रीला घेऊन बुडाले की मी!"

फोनमधून धाकटीने नाक ओढल्याचे ऐकू आले.

काका उठले आणि तळहातानेच माझ्यावरचे "वीस हजार" पुसून तिथे "एकोणीस हजार चारशे" लिहिले. मित्रांनो, मलाही राग आला होता. इतके दिवस मी तो आकडा ताठ मानेने मिरवला आणि तो निघाला प्रेमाचा! खडूने जे लिहिले ते मी धरले, माझा त्यात काही दोष नाही. पण दोष नसला म्हणून चटका बसत नाही, असे थोडेच आहे?

मात्र पुसल्यावर सगळे लख्ख दिसू लागले. पुलाजवळचे दुकान आता पहिले होते. काकांनी माझ्या उरलेल्या जागेत हिशेब मांडला. कोपऱ्यावरून पूर्ण दोन लाख पोचवायचे, तर ताईंना तीनशेच्या वर भर घालावी लागणार होती. पुलाजवळून फी धरून फक्त एकसष्ट. पण ताईंच्या पाकिटात दहा हजारांच्या पुढे दमडी नव्हती.

ड्रायव्हरदादा कुठे दिसेनात. ते दाराबाहेर उभे राहून फोनवर बोलत होते. "अरे ऐक तर... हो, गाढव आहे मी... हो, मोठा असून गाढव... आता किती वेळा म्हणू?" भावाने बहुतेक त्यांना मनसोक्त ऐकवले. दादा आत आले तेव्हा डोळे लाल होते आणि चेहरा मात्र हसरा. त्यांनी खिशातून पैसे काढून ताईंच्या डब्याशेजारी ठेवले.

"हे घ्या एकसष्ट. आमच्या सहाशेचा पत्ता लागला, त्याची बक्षिसी समजा."

"परत करीन हो दादा."

"करा, करा. पण परत करताना फी कापू नका."

सगळे हसले, फोनमधली धाकटीही. काकांनी ताईंचे रूळ तासभर दुसऱ्याला सांभाळायला दिले आणि ताई पदर खोचून पुलाकडे धावल्या.

शुक्रवारी सकाळी ताई कामावर आल्या, पण त्यांचे चित्त ठिकाणावर नव्हते. एक चादर त्यांनी उलटी घातली, असे नंतर कोणी सांगितले. जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, मालकाच्या खात्यात दोन लाख भरले. पावती हातात आहे. वर चौदा उरले, तेही मोजले."

"खरं सांगतेस?"

"खरं. आणि ताई, चहाच्या कपाएवढेही नाहीत ते चौदा, पण लिहा म्हणावं."

काकांनी लिहिले. ताईंनी माझ्या चौकटीला हात टेकला आणि मोठ्याने, कोणाचीही भीड न बाळगता रडून घेतले. गाळा धाकटीचा झाला होता.

मित्रांनो, तेव्हापासून आमच्याकडे घरच्यांनी सांगितलेला आकडा एकट्याचा असला तर काका तो लिहीत नाहीत. दोन घरांचा जुळला तरच खडू उचलतात. माझे म्हणाल, तर मला कोरड्या फडक्याने पुसा, ओल्याने माझे सांधे सुटतात. बाकी मला काही नको. पण तुमच्यासाठी कोणी दुरून काही पाठवत असेल, तर ते नीट मोजा आणि कमी असेल तर कमी म्हणा. त्या माणसाला वाईट वाटेल. वाटू द्या. वाईट वाटले तर तो दुसरे दुकान शोधेल. खोटे बोलून त्याला खूश ठेवलेत, तर तो बिचारा हसत हसत त्याच रांगेत उभा राहील.