तळमजल्याची मुलाखत

सारंगसर गुडघे टेकून न्हाणीघराच्या दाराची रुंदी मोजत होते आणि टेपचं दुसरं टोक संपदानं धरलं होतं.

"घट्ट धर. सैल सोडलंस तर माप खोटं येईल."

तिनं घट्ट धरलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"जाईल गं खुर्ची! चाकं थोडी घासतील, पण जाईल. सफियाला आता आंघोळीसाठी कुणाच्या हातावर जायला नको."

सफिया म्हणजे सरांची बायको. अर्धांगवायूनंतर ती चाकाच्या खुर्चीला खिळली. मीरा रोडला दोघं भाड्यानं राहत होती ते घर चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्टचा पत्ता नाही. इस्पितळातून आणलं तेव्हा शेजारच्या पोरांनी चादरीची झोळी करून तिला वर चढवलं, त्यानंतर बाईनं रस्ता पाहिलेला नाही. आता ती इमारतच पाडायला निघाली होती. महिनाअखेर सगळ्यांनी खोल्या रिकाम्या करायच्या होत्या.

गोडदेवच्या या इमारतीतलं तळमजल्याचं घर संपदाच्या आईचं, अनसूयाबाईंचं; संपदा स्वतः त्याच इमारतीत वर राहायची. आई गेली आणि घर विकायचं ठरलं, तेव्हा संपदा आपणहून सरांकडे गेली होती. "आईचं घर तुम्हीच घ्या, सर." सरांनी टोकन द्यायला चेकबुक काढलं, तर हिनं त्यांचा हात धरला. "तुमच्याकडून टोकन घेऊ? माझा शब्द आहे, सर." काय झकास वाटलं होतं तिला तेव्हा! आपलं मन केवढं मोठं, या आनंदात बाई घरापर्यंत तरंगत आली होती. सरांनी त्या शब्दावर दुसरं घर बघायचं सोडून दिलं.

आणि का देऊ नये तिनं शब्द? सर रात्रीच्या लॉ कॉलेजात घटनेचा कायदा शिकवायचे. संपदाला सातवा महिना होता, रात्रीचे वर्ग झेपत नव्हते, तर सरांनी तिला रविवारी घरी बोलावून शिकवलं. सफियाभाभी पुढ्यात गरम घावनं ठेवायची आणि ही कलमं घोकायची. म्हणून ती वकील झाली. आज भाईंदरला टेबल टाकून भाडेकरार करते, चार लोक 'मॅडम' म्हणतात.

पण एक चलाखी तिनं पहिल्यापासून केली होती. सोसायटीत सांगताना म्हणाली, "माझे सर आहेत, सारंग. रत्नागिरीकडचे." अध्यक्ष धर्माजी खूश. "म्हणजे आपलेच की!" ही नुसती हसली. मग अर्जावर पूर्ण नाव आलं, निजामुद्दीन सारंग, आणि झालं! जिन्यात बोलणाऱ्या बाया ही दिसली की गप्प व्हायला लागल्या. रुचिताच्या, म्हणजे तिच्या मुलीच्या साखरपुड्याला गच्ची मागितली, तर उत्तर आलं, "बघू." नवरा पराग सरळ माणूस. तो म्हणाला, "त्यांना हात जोडून नाही म्हण आणि मोकळी हो. आपल्याला इथंच राहायचंय."

तेवढंच तिला जमेना. सरांच्या तोंडावर नाही म्हणायचं? शब्द तर मोडायचाच होता, पण मोडणारा हात आपला नको होता. म्हणून एका संध्याकाळी ती धर्माजींकडे चहाला गेली.

"धर्माचं नाव काढू नका," तिनं बजावलं. "माणूस कायदा कोळून प्यालेला आहे. उद्या रजिस्ट्रारकडे गेला तर अंगाशी येईल. समितीच्या मुलाखतीत एकच प्रश्न विचारा, सार्वभौम कोण? अल्ला की राज्यघटना? ते काय बोलतील ते लिहून घ्या."

तिला पक्कं ठाऊक होतं की सरांचा सगळा जन्म याच प्रश्नावर गेला. त्यावर त्यांचा प्रबंध, त्यावरच त्यांची भाषणं. यावर सर खोटं बोलणार नाहीत, घर मिळणार असलं तरी नाही. धर्माजी बसच्या डेपोतून निवृत्त झालेले. त्यांच्या जिभेला 'सार्वभौम' काही केल्या वळेना. तिनं लहान मुलासारखा त्यांच्याकडून तो शब्द म्हणवून घेतला.

"चल," सर टेप गुंडाळत म्हणाले. "समितीला ताटकळत ठेवायला नको."

"सर, अशा मुलाखतीला कायद्यात आधार नाही, तुम्हाला माहितीये ना?" हे मात्र ती खरंच बोलली. का, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"माहितीये की. पण मला नुसतं मालक व्हायचं नाही, शेजारी व्हायचंय." त्यांनी शर्टाची इस्त्री हातानं सारखी केली.

सोसायटीचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. धर्माजी मधल्या खुर्चीत होते, बाजूला खजिनदार मिनलबेन आणि वही उघडून बसलेला सेक्रेटरी अभिनव. संपदा भिंतीकडच्या स्टुलावर बसली. सर त्यांच्यासमोर, नोकरीला आलेल्या पोरासारखे पाय जुळवून.

मिनलबेननी सुरुवात केली. "देखो साहेब, बुरा मत मानना. बकरा-वकरा नीचे नहीं बंधेगा ना? और वास... स्मेल का प्रॉब्लेम?"

"घरात दोन म्हातारे आहोत, बेन. डॉक्टरनं आमचं मीठसुद्धा बंद केलंय."

"मेहमान लोग?"

"तेही आता येत नाहीत."

"आणि बाई खुर्चीत असतात ना," अभिनव म्हणाला, "मग इमर्जन्सी वगैरे झाली तर सोसायटीची रिस्पॉन्सिबिलिटी नाही, असं लिहून द्याल?"

"देईन."

सर हे सगळं असं शांतपणे गिळत होते की संपदाला त्यांचा राग आला. चिडा की हो! उठून जा की! म्हणजे सुटले मी. पण सर कसले उठतात.

धर्माजींनी घसा साफ केला. "आता मला सांगा सर. सारव... सार्वभौम कोण? तुमचा अल्ला, का आपली राज्यघटना?"

सरांचा चेहरा असा फुलला की बघवेना.

"हा प्रश्न तुम्ही विचारलात? अध्यक्षसाहेब, माझे विद्यार्थी हा प्रश्न मनात ठेवायचे आणि मागून कुजबुजायचे. तुम्ही तोंडावर विचारलात, बरं वाटलं." ते पुढे सरकले. "माझ्या धर्मात हुकूम अल्लाचा. म्हणजे काय, तर माणसाचा नाही. राजाचा नाही, मौलवीचा नाही, आणि घरात माझा तर मुळीच नाही. ज्याच्या हातात सत्ता येते त्याच्याकडे ती ठेव म्हणून येते. अमानत. ती वापरल्याचा जाब द्यावा लागतो. आता घटना बघा. ती म्हणते, सत्ता लोकांकडून येते. इथं फरक आहे, तो मी लपवणार नाही. पण तीही पुढं तेच म्हणते, की संसदेत कितीही हात वर झाले तरी काही गोष्टींना धक्का लावायचा नाही. माणूस मोकाट सुटू नये, ही काळजी दोन्हीकडे आहे. मी आयुष्यभर एवढंच शिकवलं."

धर्माजी विचारात पडले. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "आमच्या गावाला देवाच्या नावावर जमीन हाय. तिथला ट्रस्टी म्हणतो, मालक मीच! कोर्टानं त्याला सांगितलं, बाबा, मालक देव, तू नुसता राखणदार. तसंच ना?"

"अगदी तसंच! मला इतकं सोपं कधी सांगता आलं नाही."

धर्माजी चक्क लाजले. मिनलबेन म्हणाल्या, "बात तो सही छे." अभिनवनं पेन खाली ठेवलं.

"माणूस बरा वाटतोय," धर्माजी समोरच सगळ्यांना म्हणाले. "बाईमाणूस आजारी आहे. काय म्हणता? देऊ या?"

संपदानं मनात हिशेब केला. हे तिघं हो म्हणतील, पण वरचे मजले? ते म्हणतील, हिनंच आणलं. जिन्यात पुन्हा तीच शांतता. गच्ची नाही, साखरपुड्याला कोणी फिरकणार नाही. आणि हे सगळं जन्मभर. कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून तिनं वाट पाहिली. कुणी बोलेना, तेव्हा तीच बोलली.

"सर, एक शंका आहे. वर्गात तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं ना, 'घटना माणसांनी लिहिली आहे, आणि माणसांनी लिहिलेल्या कागदापुढे मी मान झुकवत नाही'?"

अभिनवनं पेन उचललं.

सर वळले. आतापर्यंत त्यांची अशी समजूत होती की संपदा त्यांच्या बाजूनं बसली आहे.

"सांगितलं होतं. पण ते अर्धं वाक्य आहे," ते म्हणाले. "उरलेलं तू सांग. तुला पाठ होतं."

पाठ होतंच. परीक्षेत तिनं ते लिहिलं होतं आणि सरांनी तो पेपर घरी नेऊन सफियाभाभीला वाचून दाखवला होता. शब्द न् शब्द तिच्या जिभेवर आला.

"आठवत नाही, सर."

"मग तुम्हीच सांगा की पुढचं," धर्माजी सरांना म्हणाले. त्यांच्या आवाजात अजीजी होती.

सरांनी तोंड उघडलं. मग त्यांनी संपदाकडे पाहिलं, धर्माजींकडे पाहिलं. डेपोतल्या माणसाकडे हा प्रश्न कुठून आला, ते त्यांना त्या क्षणी कळलं असावं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "तिला आठवत नसेल तर मीच नीट शिकवलं नसेन. मी अर्ज मागे घेतो."

ती त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेली. जनरीत पाळायला नको? रस्त्यावर दोघं रिक्षाला हात करत उभी राहिली.

"फोनवर 'नको' म्हणाली असतीस, संपदा, तर मी 'बरं' म्हटलं असतं."

"मी खूप प्रयत्न केला, सर."

"हो, दिसला." रिक्षा थांबली. आत बसता बसता ते म्हणाले, "सफियानं भांडी बांधायला घेतलीयेत. एका हातानं. तिला काय सांगू, तेवढं सुचव. तू वकील आहेस."

टोमणा होता की खरंच विचारत होते, कोण जाणे. पण संपदाचं डोकं अशा वेळी फार चटकन चालतं.

"इथं पाणी कमी येतं म्हणून सांगा."

"बरं," सर म्हणाले, आणि रिक्षा गेली.

ती परत आली तेव्हा मिनलबेननी सगळ्यांसाठी चहा मागवला होता. तिला आज खुर्ची मिळाली. "साखरपुड्याची तारीख सांगून ठेवा, मॅडम," अभिनव म्हणाला. "गच्ची साफ करून घेतो. आणि इथं कारण काय लिहू?"

"कारण लागत नाही. 'अर्जदारानं स्वतःहून माघार घेतली' एवढंच लिही."

धर्माजींचा चहा तसाच होता. त्यांचं काहीतरी अडलं होतं.

"मॅडम, पुढं काय होतं हो त्या वाक्यात?"

"जाने दो ना," मिनलबेन म्हणाल्या. "कुछ उल्टासीधा होगा. इसीलिए तो मॅडमने नहीं बोला. अपने सर की इज्जत संभाली बेचारी ने."

"असंच असणार," अभिनवनं मान हलवली. "देशाविरुद्ध काहीतरी."

संपदाला ते सहन झालं नाही. सगळं चालेल, पण सरांचं वाक्य कुणी असं चुकीचं धरलेलं चालायचं नाही. वर्गात पहिली आलेली बाई ती.

"उल्टंसीधं काही नाही त्यात," ती ताठ बसून म्हणाली, आणि एकही शब्द न चुकता म्हणून दाखवलं. "'माणसांनी लिहिलेल्या कागदापुढे मी मान झुकवत नाही. पण या घटनेला मी शब्द दिला आहे, आणि दिलेला शब्द मोडायची मुभा माझा अल्ला मला देत नाही.'"

अभिनव लिहायचा थांबला.

"आठवलं की तुम्हाला," धर्माजी म्हणाले.

संपदानं वही आपल्याकडे ओढली आणि अभिनवनं लिहिलेलं वाचून पाहिलं. 'स्वतःहून' त्यानं गाळलं होतं. तिनं खूण करून ते ओळीच्या वर लिहिलं आणि चहा घेतला.