दहानं गुणायचं राहिलं

‘रिपोर्ट तोंडी सांगितला जाणार नाही’ ही पाटी आमच्या लॅबच्या भिंतीवर मीच लावलीय. पंचवीस वर्षं रक्त तपासतेय मी. घाई करणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. माझा थोरला भाऊ, दादा, त्यावरूनच मला गोगलगाय म्हणतो. म्हणेना का! गोगलगायीच्या हातून आकडा चुकत नाही, असं मी त्याला तोंडावर सुनावायचे.

दादा करोनातून उठला त्याला पंधरा दिवस झाले होते. ताप गेला, खोकला गेला, आणि मग पोटात असं दुखायला लागलं की कळ थेट पाठीत जायची. डॉक्टरांना स्वादुपिंडाची शंका आली. अन्न पचवणारे रस तयार करणं हे त्याचं काम. पण ते सुजलं की तेच रस रक्तात उतरतात, आणि वेळीच आवरलं नाही तर ते स्वतःलाच पचवायला लागतं. त्यातल्या लायपेज नावाच्या रसाची तपासणी डॉक्टरांनी सांगितली. आकडा मोठा आला तर लगेच भरती, आणि रिपोर्ट येईपर्यंत पोटात अन्नाचा कण नको. भरतीचं नाव काढलं की दादा भिंतीकडे तोंड करायचा. आधीच अकरा दिवस ऑक्सिजनवर काढले होते बिचाऱ्यानं. सकाळी घरी जाऊन त्याचं रक्त मीच काढून आणलं.

नळ्यांवर नंबर असतात, नावं नसतात. त्या दिवशी तीन नळ्यांचे आकडे मशीनच्या आवाक्याबाहेर गेले. अशा वेळी आम्ही सिरममध्ये, म्हणजे रक्तातून वेगळ्या केलेल्या पिवळसर पाण्यात, नऊपट सलाइन घालतो, ते पुन्हा मशीनला लावतो आणि येईल त्या आकड्याला दहानं गुणतो. आमच्या म्हाताऱ्या मशीनला गुणाकार येत नाही, तो माणसानं करायचा. तिन्ही नळ्या मी पातळ केल्या, पुन्हा लावल्या आणि दुसऱ्या कामाला लागले.

तेवढ्यात वहिनींचा फोन आला. दादा दोन दिवसांचा उपाशी आहे, कळवळतोय, काही कळलं का, असं त्या रडत विचारत होत्या. मी दादाचा नंबर शोधला. पडद्यावर एकशे बारा. साठपर्यंत नॉर्मल. करोनाच्या पेशंटांत एवढं वाढलेलं मी रोजच बघत होते, आपोआप उतरायचं. तिपटीच्या आत असलं की आम्ही फारसं मनावर घेत नव्हतो. माझा जीव भांड्यात पडला.

“वहिनी, करोनामुळे थोडं वाढलंय, बाकी काही नाही,” मी त्या पाटीखालीच उभी राहून सांगितलं. “जेवू द्या त्याला.”

दीड तासानं रजिस्टर लिहायला घेतलं. दादाच्या नंबरापुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘दहापट पातळ’. आकडा अकराशे वीस होता.

वहिनी फोन उचलेनात. डॉक्टरांना मी जे झालं ते सरळ सांगितलं. ते एवढंच म्हणाले, आधी त्याला घेऊन या. दादाचं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे, मी अंगातल्या कोटासकट धावत सुटले. स्वयंपाकघरात जेवलेलं ताट पडलं होतं. दादा पोटाशी गुडघे घेऊन पडला होता, घामानं उशी भिजली होती, आणि वहिनी त्याची पाठ चोळत होत्या.

“ताई, रिपोर्ट चांगला आहे ना? मग हे असं का?”

“रिपोर्ट चांगला नाही. मी चुकले. घाईत तुम्हाला सांगितलं, दहानं गुणायचं राहिलं.”

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठून त्याच्या चपला शोधायला लागल्या. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

हॉस्पिटलात पाच दिवस तो कुणाला ओळखत नव्हता. त्या पाच दिवसांत मी लॅबमध्ये एकेक आकडा चार-चारदा तपासला, आणि तरी एकावरही विश्वास बसेना. सहाव्या दिवशी त्यानं डोळे उघडले. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी रडूच आलं. मी पोचायच्या आतच वहिनींनी त्याला सगळं सांगितलं होतं.

“गोगलगाय,” तो म्हणाला, “जन्मात एकदा घाई केलीस. ती पण माझ्यासाठी.”

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेले आणि पाटीवर खाली एक ओळ वाढवली: ‘आपल्या माणसाला तर मुळीच नाही.’