कोरडं चामडं

दसऱ्याच्या आठवडाभर आधी जेवताना अण्णा म्हणाले, "यंदा किल्ली अवनीच्या हाती देऊन बघू." वडिलांचं हे बोलणं ऐकून सुरेखाचा चमचा आमटीच्या वाटीतच थांबला.

दर दसऱ्याला मैदागिनच्या गॅरेजात फियाटची पूजा व्हायची. घर काशीत रामघाटाच्या गल्लीत, तिथे गाडी येण्याचा प्रश्नच नव्हता. झेंडूची माळ, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. मग अण्णा ज्याच्या हाती किल्ली देतील त्याने सारनाथपर्यंत चक्कर मारून यायचं आणि पुढे वर्षभर गाडी सांभाळायची. अकरा वर्षं ती किल्ली सुरेखाकडे होती. यंदा तर नोंदणीचं नूतनीकरणही होतं, आणि शहाऐंशीच्या अण्णांना कागदावर आता दुसऱ्या कुणाचं नाव घालायचं होतं. म्हणजे ही किल्ली एका वर्षाची नव्हती.

अवनी सुरेखाच्या भावाची मुलगी, ई-रिक्षांच्या वर्कशॉपमध्ये इंजिनियर. चौसष्ट सालच्या फियाटला मोटर आणि बॅटरी बसवायचं तिच्या मनात होतं. "आजोबा, काही वर्षांनी पेट्रोल पंप ढूँढते फिराल. गाडी चालवायचीय की नुसती पुसायचीय?" यावर अण्णा मान मागे टाकून हसायचे. सुरेखाशी ते गाडीबद्दल तासन्‌तास बोलत, पण असे हसत नसत. हा फरक तिने किती वेळा टिपला होता, ते तिलाच ठाऊक.

सुरेखाने तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं होतं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढत गेलं, फियाटच्या जुन्या रबरी नळ्या फुगून मऊ पडायला लागल्या, आणि मेकॅनिकने हात टेकले, तेव्हा तिने पेट्रोल धुवायला घेतलं. गच्चीवर, ऊन चढायच्या आत, काचेच्या मोठ्या बरणीत पाच लिटर पेट्रोल आणि अर्धा लिटर पाणी. घुसळलं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. तो तोटीने काढायचा. शेवटी पेट्रोल मऊ चामड्यातून गाळायचं, म्हणजे उरलंसुरलं पाणी वर अडकतं. हे सगळं तिने अवनीला दाखवलं होतं. एकच गोष्ट सांगितली नव्हती. चामडं आधी पेट्रोलमध्येच भिजवावं लागतं. पाण्यात भिजलं तर ते पाणी जाऊ देतं आणि पेट्रोल अडवतं. विचारलं तर सांगू, असं तिने ठरवलं होतं. अवनीने विचारलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी सुरेखाने खालचा थर पुरता काढला नाही. पेलाभर पाणी तसंच राहू दिलं. चामडं दोरीवरून उतरवलंच नाही, न गाळताच ते पेट्रोल टाकीत ओतलं. मात्र मागच्या खेपेचं नीट गाळलेलं दोन लिटर पेट्रोल डिकीत ठेवायला ती विसरली नाही. फजिती अवनीची व्हावी, गाडीची नको.

पूजा झाली. अण्णा गॅरेजात खुर्चीवर बसून राहिले. अवनीने गाडी काढली, सुरेखा शेजारी बसली. लहुराबीरच्या चौकात इंजिनाने दोनदा आचका दिला आणि ते बंद पडलं. मागे ई-रिक्षांची रांग लागली.

"का दीदी, चार्ज खतम?" एक रिक्षावाला ओरडला. "कहिए तो टोचन कर दें!"

"भैया, इसमें चार्ज लगता ही नहीं!" अवनीने हसून उत्तर दिलं आणि बॉनेट उघडलं. तिने पंपाकडे येणारी नळी काढून थोडं पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घेतलं, बाटली उन्हात धरली. मधोमध स्पष्ट रेघ होती. वर पिवळसर, खाली नितळ. सुरेखानेच तिला ही रेघ बघायला शिकवलं होतं.

अवनीने डिकी उघडली, गाळलेल्या पेट्रोलची बाटली शोधली, कार्बोरेटर रिकामा केला आणि पंपाची नळी थेट बाटलीत सोडली. पंधरा मिनिटांत गाडी सुरू झाली. सारनाथ राहिलं. तिथूनच दोघी परतल्या.

"एवढ्यात? काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"फिल्टरमध्ये कचरा होता, आजोबा."

"आणि तूच काढलास? रस्त्यात?" अण्णांची मान मागे गेली, ते हसले. "मग ठरलं. कागदावर अवनीचं नाव. सुरेखा, बरोबर ना?"

"बरोबर," सुरेखा म्हणाली. अवनीने खरं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. निदान भांडता तरी आलं असतं.

संध्याकाळी गच्चीवर अवनी दोरीजवळ उभी होती. "आत्या, चामडं सकाळी कोरडं होतं. मी हात लावून पाहिलं होतं."

सुरेखाने बरणी पुसायची थांबवली नाही. "मग गाडी का काढलीस?"

"वाटलं, तू काही नवी रीत काढली असशील. तुझं कुठे चुकतं?"

यात टोमणा शोधूनही सापडेना. सुरेखाला तो सापडायला हवा होता.

"मोटर कधी बसवणार?" तिने कोरडेपणाने विचारलं.

"इंजिन चालतंय तोवर नाही. तोवर पेट्रोल मी धुणार. मला नीट शिकव, बस." अवनीने दोरीवरून चामडं काढलं, कोपऱ्यातल्या नळाशी गेली आणि ते भिजवायला नळ सोडला.

सुरेखा बघत राहिली. आता नुसतं गप्प बसायचं होतं. पुढच्या खेपेला पाणी खाली उतरलं असतं, गाडी पुन्हा बंद पडली असती, आणि अण्णांनी विचारलं असतं, 'सुरेखा असताना असं कधी व्हायचं नाही, नाही का?' ते वाक्य तिला अण्णांच्या आवाजात ऐकू आलं, आणि फार गोड वाटलं.

अवनीने चामडं पाण्याच्या धारेकडे नेलं.

"थांब," सुरेखा म्हणाली. "पाण्याखाली धरू नकोस. इकडे आण."