पिनेचं पेटंट

बायको गेल्याला आठ महिने झाले होते आणि मिस्त्रीला अजून काही म्हणजे काही वाटलं नव्हतं. लोक भेटायला आले, हात हातात घेऊन बसले, डोळे पुसत गेले. हा आपला त्यांना पंखा वाढवू का म्हणून विचारत होता. मुलगी म्हणायची, "बाबा, एकदा रडून तरी घ्या." तो "घेतो" म्हणायचा, बाजारातून काहीतरी आणायचं राहिल्यासारखं.

शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. वरचा दोरा तुटला तरी मशीन धावतच राहतं आणि कापडाला नुसती भोकं पडत जातात. त्यावर उपाय म्हणून त्याने दोऱ्यावर तोललेली एक दांडी केली होती. दोरा तुटला की दांडी पडते, खटका दाबला जातो, मशीन बंद. पेटंटचा अर्ज बायको असतानाच केला होता. एक मोठी कंपनी ही दांडी बनवायला आणि मिस्त्रीलाही नोकरीवर घ्यायला तयार होती, पण पेटंट मिळालं तरच. आणि नेमकी दुसऱ्या एका कंपनीने हरकत घेतली, की यात नवीन काहीच नाही.

"त्यांच्याकडे पुरावा शून्य आहे," वकीलबाई म्हणाल्या. "उगाच खडा टाकून बघतायत. तुम्ही या प्रतिज्ञापत्रावर सही करून आणा. कल्पना तुमची एकट्याची, आणि अर्जाआधी ती कुठेही उघड वापरात नव्हती. सोमवारी सुनावणीत हेच तोंडी सांगायचं."

मिस्त्रीने कागद खिशात घातला. घरच्या मशीनवर बायको दोऱ्याला केसांची पिन टेकवून ठेवायची, खाली डब्याचं झाकण. दोरा तुटला की पिन झाकणावर टिणकन पडायची. त्यावरूनच त्याला दांडी सुचली होती. पण घरातली गोष्ट, तिचं काय एवढं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. नवरे हे फार चटकन ठरवतात.

शुक्रवारी, ती कामाला जायची त्या कपड्यांच्या कारखान्यातून निरोप आला, कपाट रिकामं करून न्या. तो पहिल्यांदाच तिथे गेला. चाळीस मशीनं घडघडत होती. चाळीसही मशीनांवर दोऱ्याला टेकलेली पिन होती आणि खाली झाकण.

"हे कोणी लावलं?"

"आता घ्या! तुमच्या घरचं तुम्हालाच माहीत नाही?" सुपरवायझरबाई म्हणाल्या. "सगळ्या तिनेच लावून दिल्या, चार वर्षं झाली. माल घ्यायला येणारेसुद्धा विचारतात हे काय म्हणून. आम्ही तिचं नाव सांगतो."

अर्ज दोन वर्षांपूर्वीचा होता. म्हणजे खरं बोललं की पेटंट गेलं आणि नोकरीही गेली, एवढं कळायला त्याला वकील लागला नाही. रविवारी त्याने मुलीला सगळं सांगितलं.

"आई असती तर म्हणाली असती, गप बसा आणि सही करा," मुलगी म्हणाली.

"म्हणाली असती," तो म्हणाला. तेव्हाही त्याला काही वाटलं नाही.

सोमवारी अधिकाऱ्यांनी विचारलं, "कल्पना तुमचीच ना?"

"नाही साहेब. माझ्या बायकोची. अर्जाच्या आधीपासून चाळीस मशीनांवर चालू आहे."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. समोरच्या वकिलाला तर आनंद कसा दाखवावा हेच सुचेना. अधिकाऱ्यांनी बायकोचं पूर्ण नाव विचारलं. मिस्त्रीने ते कारकुनाला सावकाश, एकेक अक्षर सांगितलं आणि सही न केलेला कागद टेबलावर ठेवला.

महिन्याने आदेश आला. अर्ज नामंजूर. मुलीने दारातच उभं राहून वाचला. "सदर युक्ती अर्जदाराच्या दिवंगत पत्नीने," आणि मग आईचं पूर्ण नाव, "प्रथम तयार केली व ती उघडपणे वापरात होती."

"परत वाच," मिस्त्री म्हणाला.

तिने परत वाचलं. नावापाशी आली आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. तो उंबऱ्यावरच खाली बसला आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडायला लागला.

मुलगी घाबरलीच. "जाऊ द्या ना बाबा. पेटंटचं काय एवढं!"

"पेटंटचं नाही गं," तो म्हणाला. "आई गेली ना आपली."